बंडगार्डनवर ड्रोन उडवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुण्यात प्रीवेडिंग शूट करणारे, रील्स काढणारे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ड्रोन भाड्याने आणणारे, दिवाळीत नवीन ड्रोन घेतलाय आणि कुठे उडवू कुठे नको असं झालंय असे सगळे, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनाही कळेल. बंडगार्डनमधून, शेजारच्या जुन्या पुलावरून किंवा पलीकडच्या येरवडा-कल्याणीनगरच्या काठावरून परवानगी हातात असल्याशिवाय ड्रोन वर न्यायचा नाही. मिनी, म्हणजे २५० ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन आहे म्हणून नाही, दोनच मिनिटं म्हणून नाही, आणि क्लायंट ऐकत नाही म्हणून तर अजिबात नाही.

मी ड्रोनच्या विरोधात नाहीये. माझं पोट त्याच्यावर आहे. रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, शेतजमिनीचे आणि कालव्यांचे सर्व्हे करते, राहते येरवड्यात, आणि सकाळी फिरायला बंडगार्डनला जाते. त्यामुळे तुम्ही ड्रोन घेऊन तिथे का येता ते मला कुणी समजवायची गरज नाही, मला पण तो शॉट दिसतो. १८६७ सालचा फिट्झगेराल्ड पूल, त्याच्या एकामागून एक दगडी कमानी, टोकांना बसवलेले सिंह, खाली मुळा-मुठेवर सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला बंधारा आणि त्याच्यावरून पसरून पडणारं पाणी, हे सगळं वरून एका फ्रेममध्ये येतं. कागदोपत्री बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा, तो आधी तुमच्याकडेच बघेल. बंधाऱ्याचं नाव बागेला लागलं, रस्त्याला लागलं, आता मेट्रो स्टेशनला पण लागलं. पावसाळ्यात सोलापूरकडचा शेतकरी उजनीत किती पाणी येणार ते बघायला दौंडच्या विसर्गाबरोबर बंडगार्डनचा विसर्ग किती क्युसेक ते बघत बसलेला असतो, इतकी ही जागा नदीच्या हिशोबात धरलेली आहे. अशी जागा शूट करावीशी वाटणं अगदी साहजिक आहे.

पण मान जरा वर करून बघा. लोहगाव तिथून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. लोहगाव म्हणजे नुसतं पुणे एअरपोर्ट नाही, तो हवाई दलाचा तळ आहे, आपली इंडिगो आणि एअर इंडियाची विमानं त्याच धावपट्टीवरून जातात आणि सुखोई पण तिथूनच उठतात, एअर ट्रॅफिक कंट्रोल (एटीसी) हवाई दलाकडे आहे. कोथरूडला बसून पण ज्या आवाजाने आपण फोनवर बोलताना थांबतो तो आवाज सुखोईंचाच. आता नियम काय म्हणतो बघा. ड्रोन नियम २०२१ मध्ये हवेचे तीन झोन केलेत, हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हा हिरवा फक्त २०० फुटांचा उरतो. आणि ८ किलोमीटरच्या आत हिरवा नाहीच. म्हणजे बंडगार्डनवर दहा फूट वर नेलात तरी तुम्ही हिरव्यात नाही, एवढं डोळे मिटून धरून चाला. पिवळ्यात एटीसीची परवानगी लागते, लाल असेल तर केंद्र सरकारची. त्यात आपल्याकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स, कॅम्पात सदर्न कमांड, येरवड्यात जेल, म्हणजे पुण्याचा हा भाग तसाही नाजूक. नेमका कुठला रंग कुठे संपतो ते डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर बघायचं, आणि तो नकाशा बदलत असतो, म्हणून मागच्या महिन्यात बघितला होता हे चालत नाही, दर वेळी उडवायच्या आधी बघायचा. शिवाय गणपती विसर्जन, व्हीआयपी दौरा, असं काही असलं की पोलिसांचे वेगळे बंदी आदेश निघतात ते वेगळेच.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, 'अहो मिनी आहे, २५० ग्रॅमच्या आत आहे, आम्हाला नियम नाहीत.' हे कुणी पसरवलं मला माहीत नाही पण दुकानात ड्रोन विकताना पण हेच सांगतात असं मी ऐकलंय. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, म्हणजे नॅनोला, सूट आहे ती पायलट सर्टिफिकेटची आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सची. झोनची सूट नाहीये. लाल-पिवळ्या हवेत परवानगी लागतेच, मग ड्रोन चिमणीएवढा का असेना. आणि तुमचा मिनी खरंच २५० च्या आत आहे का ते एकदा किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी टाकलीत, प्रोपेलर गार्ड लावलेत, वर फिल्टर बसवलात, की काटा २५० च्या पुढे जातो आणि ड्रोन नॅनोचा मायक्रो होतो. मायक्रो म्हणजे २ किलोपर्यंत, आणि मायक्रोवर पैसे कमवायचे असतील तर सर्टिफिकेट लागतं. प्रीवेडिंगचं पॅकेज घेता ना, मग ते कमवणंच झालं, त्याला हौस म्हणत नाहीत. उलट बाजूने पण सांगते, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे म्हणून मला बंडगार्डनवर उडवायचा हक्क मिळत नाही, सर्टिफिकेट म्हणजे मला उडवता येतं याचा कागद, कुठे उडवायचं त्याची परवानगी वेगळी. आणि ड्रोनच्या ॲपने अडवलं नाही म्हणजे चालतंय असंही समजू नका, कंपनीचा नकाशा वेगळा आणि सरकारचा वेगळा. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड आहे, पण खरं सांगू, दंडाच्या भीतीने कुणी थांबावं असं मला वाटत नाही, त्या हवेत माणसं भरलेलं विमान खाली येत असतं हे कारण मला पुरेसं वाटतं.

समजा परवानगी मिळाली. तरी ही जागा उडवायला सोपी नाहीये आणि हे मला जरा खोलात सांगायचंय, कारण रील बघून वाटतं की मोकळी नदी आहे, काय धडकणार. पहिली गोष्ट पाणी. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमिनीवरचं टेक्सचर बघून ड्रोनला जागेवर धरून ठेवतात, आणि बंधाऱ्यावरचं हलतं चकाकतं पाणी त्यांना वाचता येत नाही. पाण्याला लागून खालून न्यायचा तो सिनेमॅटिक शॉट घ्यायला गेलात की ड्रोन हळूहळू सरकतो किंवा खाली बसायला लागतो आणि स्क्रीनवर तुम्हाला ते उशिरा कळतं. दुसरी गोष्ट मेट्रो. वनाज-रामवाडी मार्ग बंडगार्डनपाशीच नदी ओलांडून येरवड्याकडे जातो, मार्च २०२४ पासून रुबी हॉलच्या पुढे गाड्या धावतायत, आणि गाडीच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. ड्रोनच्या समोरच्या सेन्सरला भिंत दिसते, झाड दिसतं, पण बारीक तार दिसेलच याची खात्री कुठलीच कंपनी देत नाही. तुमचा ड्रोन त्या तारेवर जाऊन पडला तर तुमचे पन्नास-साठ हजार गेले हे सोडून द्या, अख्खी लाईन थांबेल आणि त्यात ऑफिसला निघालेले लोक अडकतील.

तिसरी गोष्ट, रिटर्न टू होम. बॅटरी संपत आली किंवा सिग्नल तुटला की ड्रोन आपणहून ठरलेल्या उंचीला वर जातो, तिथून सरळ रेषेत टेकऑफच्या जागी येतो आणि उतरतो. ती उंची तुम्ही आधी सेट करायची असते, बहुतेकांनी केलेलीच नसते. बागेत एका जुन्या मोठ्या झाडाखालून एका मुलाने ड्रोन वर घेतला होता, फांद्यांच्या फटीतून अगदी सफाईने, आणि येताना सिग्नल गेला. ड्रोन बरोबर त्याच जागी परत आला, फक्त वरून, सरळ त्या झाडाच्या शेंड्यात. पानं कापल्याचा आवाज आला, मग एक प्रोपेलर, मग ड्रोन फांद्यांवर आपटत आपटत खाली, आणि त्या झाडाखालच्या बाकावर दोन आजोबा पेपर वाचत बसले होते. नशिबाने तो दुसऱ्या बाजूला पडला. पोरगा धावत आला आणि आधी ड्रोन उचलला. मला त्या पोराचा राग नाही आला, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं, पण ड्रोनच्या आधी त्या आजोबांना काही लागलं नाही ना हे विचारायला कुणी शिकवावं लागू नये. म्हणून सांगते, टेकऑफ कायम मोकळ्या आकाशाखालून, रिटर्नची उंची आजूबाजूच्या सगळ्यात उंच गोष्टीच्या वर, आणि आधी मांजा बघा. संक्रांतीनंतर नदीकाठच्या झाडांमध्ये, दिव्याच्या खांबांवर नायलॉनचा मांजा लोंबत असतो, तो उन्हात डोळ्याला पण दिसत नाही तर ड्रोनला काय दिसणार. पुलावर ड्रोन ठेवून कंपास कॅलिब्रेट करू नका, जवळपास लोखंड असलं की कंपास गंडतो आणि वर गेल्यावर ड्रोन गोल गोल फिरायला लागतो.

आता पक्षी. मला या पत्रात सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं खरं तर. बंधाऱ्याच्या खाली थोडं पुढे गेलं की कल्याणीनगरच्या बाजूला तो झाडीचा पट्टा आहे ज्याला आपण सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतो. नदी घाण आहे, वास येतो, जलपर्णी आहे, सगळं खरं, तरी थंडीत सकाळी जाऊन उभे राहा. शेकाटे त्यांच्या लाल काड्यांसारख्या पायांवर उथळ पाण्यात चालत असतात, हळदी-कुंकू बदकं जोडीजोडीने असतात, वंचक दगडासारखा बसलेला असतो आणि उडाला की मग कळतं पांढरा आहे, कवड्या खंड्या एका जागी पंख मारत हवेत थांबतो आणि तिथून सरळ पाण्यात. चक्रवाक येतात हिवाळ्यात, हिमालयापलीकडून. हे पक्षी ड्रोनला शिकारी पक्षी समजतात. एक ड्रोन पाण्यावरून गेला की अख्खा थवा उठतो, दोन चकरा मारतो, बसतो, तुम्ही अजून एक टेक घेता, परत उठतो. तुमच्या व्हिडिओत ते फार छान दिसतं हो, स्लो मोशनमध्ये उडणारा थवा आणि मागे म्युझिक. पण त्या पक्ष्याचा तो खाण्याचा वेळ होता, आणि एवढ्या लांबून येऊन दमलेल्या पक्ष्याला दर वेळी उठवणं म्हणजे त्याची ताकद उगाच खर्च करायला लावणं. हेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत जातं, तिकडे भिगवणला फ्लेमिंगो आले की त्यांच्यावरून ड्रोन नेणारे पण आहेतच, त्यांनी पण हे स्वतःला लावून घ्यावं.

आणि घारी. बंडगार्डनवर घारी भरपूर आहेत, उंच झाडांवर घरटी असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून अंडी-पिल्लांचा काळ. त्या दिवसांत घार ड्रोनवर येते, मागून आणि वरून येते त्यामुळे कॅमेऱ्यात दिसत नाही. ड्रोन पडतो त्याचं मला काही वाटत नाही, पण फिरत्या प्रोपेलरवर पंजा मारलेल्या घारीची बोटं तुटतात, आणि पंजा गेलेली घार शिकार करू शकत नाही, ती भुकेने मरते, आणि ते आपल्या व्हिडिओत कुठेच येत नाही. घार घिरट्या घालत जवळ यायला लागली की शॉट सोडा आणि ड्रोन शांतपणे खाली घ्या. तिला हुसकवायला ड्रोन अंगावर नेणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून हे असलं काही करू नका.

माणसांबद्दल थोडक्यात. बागेत सकाळी वॉकवाले असतात, दुपारी जोडपी असतात. पुण्यात पोरापोरींना दोन तास शांत बसून बोलायला फुकटात जागा किती आहेत सांगा, त्यातली ही एक. ड्रोन वर घरघरला की मुलगी पटकन ओढणी तोंडावर घेते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते बघवत नाही. तुम्हाला फक्त पूल हवा असतो, मान्य, पण त्या मुलीला कसं कळणार? तिच्या दृष्टीने कुणीतरी अनोळखी माणूस तिचा व्हिडिओ काढतोय आणि तो कोण आहे ते तिला दिसत पण नाहीये. तेच कल्याणीनगरच्या बाल्कन्यांचं. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती पट्ट्यात रात्री ड्रोन दिसायला लागले तेव्हा गावंच्या गावं रात्रभर जागी राहिली होती, लोकांना वाटत होतं चोर टेहळणी करतायत. मी त्या काळात सर्व्हेला गेले की आधी पोलीस पाटलांना फोन, मग सरपंचांना, मग शेतात जाऊन माणसांना रिमोट दाखवायचा, स्क्रीन दाखवायची, पोरांना जवळ बोलवायचं, आणि मग कुठे ड्रोन वर. लोकांना भीती ड्रोनची नसते, उडवणारा दिसत नाही याची असते. त्यामुळे कुठेही उडवा, रिफ्लेक्टर जॅकेट घाला, उघड्यावर उभे राहा, बरोबर एक माणूस ठेवा जो स्क्रीनकडे न बघता फक्त आकाशाकडे बघेल, कुणी विचारलं तर नीट उत्तर द्या.

एक गट असा आहे ज्यांच्याशी मला वेगळं बोलायचंय, ते म्हणजे नदीसाठी काम करणारे. नदीकाठ सुधार प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे आणि त्यातलं काम सगळ्यात आधी याच भागात, संगम ते बंडगार्डनला सुरू झालं. झाडं वाचवायला २०२३ ला पुणेकर रस्त्यावर उतरले होते, त्यात आमच्या सोसायटीतले पण होते. भराव कुठे पडतोय, काठ किती आत आला, किती झाडं होती आणि किती उरली, हे ड्रोनने जितकं स्पष्ट दिसतं तितकं जमिनीवरून दिसत नाही, आणि हे रेकॉर्ड होणं गरजेचं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच सांगते, ते चोरून उडवू नका. परवानगी नसलेल्या ड्रोनचा व्हिडिओ म्हणजे समोरच्याच्या हातात आयतं कोलीत, चर्चा भरावाची व्हायच्या ऐवजी तुमच्या ड्रोनची होईल. परवानगीचा अर्ज करा, सर्टिफिकेटवाला पायलट घ्या, तारीख-वेळ-उंचीची नोंद ठेवा, दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून त्याच उंचीवरून तोच पट्टा घ्या. त्याची किंमत शंभर व्हायरल क्लिप्सपेक्षा जास्त आहे. हवं तर मी येते, पैसे नकोत. परवानगी मिळाली नाही तर पुलावर उभं राहून, काठावरून, ठरलेल्या जागांवरून साध्या कॅमेऱ्याने फोटो घेत राहा, तेही चालतं.

उद्यान विभागाला आणि पोलिसांना पण याच पत्रातून एक विनंती आहे. गेटवर एक धड बोर्ड लावा. 'ड्रोनला बंदी' एवढंच लिहून काही होत नाही, लोकांना वाटतं वॉचमनची मनमानी आहे, मग हुज्जत, मग वॉचमनची नजर चुकवून मागच्या बाजूने टेकऑफ. बोर्डावर लिहा की विमानतळ ८ किलोमीटरच्या आत आहे म्हणून २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनसकट कुठलाही ड्रोन परवानगीशिवाय उडवता येणार नाही, परवानगी कुठे मागायची, आणि थंडीत पक्षी असतात म्हणून पाण्यावरून नेऊ नका. मराठीत, मोठ्या अक्षरात. वॉचमन काकांना पण हे कारण माहीत असू द्या, त्यांच्यावर सगळे ओरडतात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. आणि शहराच्या बाहेर हिरव्या झोनमध्ये एखादं मोकळं मैदान हौशी लोकांना रविवारी सकाळी उडवायला द्या ना, क्रिकेटला मैदानं आहेत तशी. पोरं शिकतील कुठे? नुसतं नाही म्हटलं की ती नदीवरच येणार.

आणि व्यवसाय करणाऱ्यांनो, क्लायंटचं काय करायचं ते सांगते. क्लायंटला नियम माहीत नसतात, त्याने कुणाचातरी व्हिडिओ बघितलेला असतो आणि त्याला तसाच हवा असतो. कोटेशनमध्येच लिहा की लोकेशन विमानतळाजवळ आहे, ड्रोन परवानगीवर अवलंबून, परवानगी नाही आली तर ड्रोनचे पैसे वजा. बुकिंगच्या आधी लिहिलं की भांडण होत नाही, शूटच्या दिवशी सांगितलं की होतं. आणि बंडगार्डनला ड्रोनशिवाय पण भरपूर मिळतं. जुना पूल स्वतःच उंचावर आहे, सकाळी कठड्यापाशी मोनोपॉड लावून वर धरलात तर बंधाऱ्याचं पाणी आणि मागचा काठ सगळं येतं, सिंहाला फोरग्राउंडला घ्या. ज्यांना आकाशातूनच हवंय त्यांना शहराबाहेर न्या, नकाशा बघून. तुम्ही नाही म्हणालात तर तो दुसऱ्याकडे जाईल ही भीती मला कळते, माझ्याकडून पण कामं गेलीत, पण आपण सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर तो जाणार कुठे? कोटेशनमध्ये टाकायची ती ओळ मी मराठी आणि इंग्रजीत तयार करून ठेवलीय, ज्यांना हवी त्यांनी मागा, या आठवड्यातल्या बुकिंगपासूनच टाकायला सुरुवात करूया.

तुमचीच,
येरवड्यातली एक ड्रोन पायलट